डोळा हलवायची मनाई

रोलिंग मिलमध्ये माणसाला नावाने हाक मारायची नाही, हा जालन्याच्या एमआयडीसीतल्या आमच्या मिलचा अलिखित कायदा होता. नावाने हाक मारली की माणूस वळून बघतो. त्यात त्याचा गुन्हा काही नाही, आईने लावलेली सवय आहे ती. पण समोरून लालबुंद सळई येत असताना जो वळून बघतो, तो घरी चालत जात नाही. म्हणून आमच्यात सांडशी लोखंडी पत्र्यावर आपटायची रीत होती. एकदा आपटली म्हणजे सावध. दोनदा आपटली म्हणजे हातातलं टाक अन् मागं उडी मार. चौदा वर्षं मी त्या मिलमध्ये उभा राहिलो, नव्या माणसांना हीच रीत शिव्या देऊन देऊन शिकवली, आणि नेमकी मीच मोडली. ती पण कुणाच्या बाबतीत, तर माझ्या बायकोच्या पाठच्या भावाच्या.

त्याला मिलमध्ये मीच लावलं होतं. तो पिंपळगाव रेणुकाईचा, घरची थोडी शेती, पण त्याला महिन्याच्या महिन्याला पगार हवा होता. सासरे म्हणाले, "जावईबापू, तुमच्या भरोशावर धाडून राह्यलो." मी छाती फुगवून म्हणालो, बिनघोर राहा. घ्या आता, बिनघोर!

कामाची गोष्ट थोडक्यात सांगतो. भट्टीतून निघालेलं लोखंड दोन रोलांच्या मधून दाबून जातं आणि पलीकडून सळई होऊन वेगात बाहेर येतं. तिथे उभा असलेला माणूस चार हात लांब सांडशीने सळईचं तोंड पकडतो, तिला वळवतो आणि पुढच्या रोलात घालतो. त्याचा डोळा सळईच्या तोंडावर पाहिजे. घाम डोळ्यात उतरला तरी पापणी मिटायची नाही, शेजारच्याने आईवरून शिवी दिली तरी तिकडे बघायचं नाही. डोळा हलला की माणूस गेला, असं आमचे जुने मिस्त्री म्हणायचे. माझा डोळा हलत नसे आणि मला त्याचा लई गर्व होता.

त्या दुपारी सळईचं तोंड फाटलेलं मला त्याच्या आधी दिसलं. फाटक्या तोंडाची सळई रोलात शिरत नाही, उसळते. सांडशी माझ्या हातात होती, पत्रा पायाशी होता. आणि माझ्या तोंडून निघालं ते त्याचं नाव. त्याने मान वळवली आणि माझ्याकडे बघितलं, अगदी 'काय दाजी?' म्हणावं तसं. सळई त्याच्या मांडीतून आरपार गेली. औरंगाबादला नेलं, तिथे पाय गुडघ्याच्या वरून काढावा लागला.

मिलच्या घणघणाटात माझी हाक दुसऱ्या कुणाला ऐकू गेली नाही. लोक म्हणाले, नशीब. मी पण मान हलवली, म्हणालो, नशीब. त्याला दवाखान्यात पोचवून मी जो बाहेर पडलो तो पुन्हा त्याच्या समोर गेलोच नाही. बायको भावाकडे जायची तेव्हा मी कामाचं निमित्त काढायचो. दोनदा तर भोकरदनपर्यंत गेल्तो आणि तिथल्या स्टँडवर चहा पिऊन परत आलो. असला हा शूर माणूस!

मिल सोडली. बियाण्याच्या कारखान्यात पोती मोजायचं काम धरलं. तिथे आग नाही, लाल काही नाही, थंड गोदाम. पण घरात चूल होती, रस्त्यावर वेल्डिंगवाले होते, गाड्यांचे मागचे दिवे होते. कुठे लोखंडावर लोखंड आपटलं की माझं अंग माझ्या आधीच उडायचं. जेवताना ताट भिंतीवर जायचं. भात उचलता उचलता बायको काही बोलायची नाही, आणि ती बोलत नाही म्हणून मीच तिच्यावर खेकसायचो. आईने राजूरच्या गणपतीला नेऊन आणलं, चतुर्थ्या धरायला लावल्या. शेजारणीने बाहेरचं काहीतरी आहे म्हणून लिंबू उतरवून टाकलं. झोपेच्या गोळ्या खाल्ल्या. गोळ्यांनी झोप यायची, पण झोपेत तोच चेहरा वळायचा. काय दाजी?

मग दिवाळी आली. लक्ष्मीपूजनाची तिन्हीसांज होती. माझी आठ वर्षांची पोरगी हातात फुलबाजी घेऊन "अप्पा, बघा" म्हणत माझ्याकडे पळत आली. मला पोरगी दिसली नाही. लाल, फुलणारं, माझ्याकडे येणारं काहीतरी दिसलं आणि मी दोन्ही हातांनी ते फेकून दिलं. ती ओट्याच्या दगडावर जाऊन आदळली. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. 

बायको ओरडली नाही. पोरीच्या हाताला प्लास्टर घातल्यावर दुसऱ्या दिवशी तिने पिशवी भरली. मी म्हणालो, "म्या मुद्दाम केलं का?"

"न्हाई," ती म्हणाली. "मुद्दाम केलं असतं तर तुमाला समजावता आलं असतं. तुमालाच ठाऊक न्हाई तुमी कवा काय कराल. तुमच्यापाशी पोरगी ठेवायची मला भीती वाटून राह्यली." आणि ती पोरीला घेऊन माहेरी गेली. पोरगी परत हवी असेल तर आधी मला माणसात यावं लागणार होतं. तिने तसं तोंडाने म्हटलं नाही, पण मला बराबर कळलं.

हाडाच्या डॉक्टरने हात कसा मोडला ते मला आडून आडून विचारलं होतं. मी आधी पडली म्हणालो, मग सगळं सांगून टाकलं. त्यांनी औरंगाबादच्या एका बाईंच्या नावाची चिठ्ठी दिली. मनावरचे घाव बरे करणाऱ्या बाई आहेत, डोळ्यांच्या हालचालीने उपचार करतात, नुकत्याच शिकून आल्यात, म्हणाले. मी कारखान्यात ही गोष्ट सांगितली तर काट्यावरचा हमाल खो खो हसला. म्हणाला, "बोटं हालवून मानूस शाना व्हत असता तर मामा चौकातल्या पोलिसानं आख्खं जालना शानं केलं असतं!" मला पण हसू आलं. पण हसून पोरगी घरी येणार नव्हती, म्हणून रविवारची बस धरली.

बाई चाळिशीच्या, सुती साडी, आवाज हळू. पहिल्या दोन भेटींत बोटं हलवली नाहीत, नुसतं बोलल्या. झोप कशी, राग कशाने येतो, जीव द्यावासा वाटतो का. मग एक जागा आठवायला सांगितली, जिथे मला बिलकुल भीती वाटत नाही. लोक म्हणे देऊळ सांगतात, आईची मांडी सांगतात. मला आठवलं ते गोदाम, बाजरीच्या बियाण्याची थंड पोती आणि त्यांना टेकलेली माझी पाठ. मी लाजत सांगितलं. बाई म्हणाल्या, चालेल, फार त्रास झाला की तिथे जाऊन बसायचं.

मी विचारलं, "याच्यानं व्हतं काय नेमकं?"

त्या म्हणाल्या, "मोठा धक्का बसला की ती आठवण डोक्यात कच्चीच राहते. जुनी होत नाही, दर वेळी आत्ता घडतंय असं वाटतं. तिच्याकडे बघत बघत डोळे इकडून तिकडे नेले की ती हळूहळू जुनी व्हायला लागते. का होते, ते अजून पुरतं कुणालाच कळलेलं नाही."

"कळलं न्हाई तरी करता?"

"गुण येताना पाहिलाय, म्हणून करते. तुम्हाला येईलच असं वचन देत नाही."

खरं सांगतो, ते वचन न देणं मला आवडलं. मी एकदा वचन देऊन बसलो होतो.

तिसऱ्या खेपेला काम सुरू झालं. बाई माझ्या बाजूला थोडं तिरपं बसल्या. म्हणाल्या, त्या दिवसाचं सगळ्यात वाईट चित्र डोळ्यांपुढे आणा. आणलं. त्या चित्रासोबत स्वतःबद्दल काय वाटतं? मी म्हणालो, "मी पाय खाल्ला त्याचा." त्रास शून्य ते दहामध्ये किती? मी म्हणालो, दहाच्या वर आकडा नाही का? त्यांनी दहा लिहिले. मग दोन बोटं माझ्या तोंडासमोर धरली आणि डावीकडून उजवीकडे नेऊ लागल्या. मान हलवायची नाही, नुसत्या डोळ्यांनी बोटांच्या मागे जायचं.

आणि माझे डोळे जाईनात. बोटं गेली, डोळे तिथेच. पुन्हा प्रयत्न केला, डोळे दोन झटके खाऊन मधोमध येऊन थांबले. चौदा वर्षांची शिस्त होती ती. चित्र समोर आलं की डोळा सळईच्या तोंडावर खिळायचा आणि हलायचा नाही, कारण हलला की माणूस गेला. डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. मी खुर्ची मागे लोटून उठलो आणि त्या बिचाऱ्या बाईंवर ओरडलो, "तमाशा लावला का? माझी पोरगी तिकडं हाय आन् मी हितं डोळे फिरवू?" चपला घालून तडक स्टँडवर आलो.

जालन्याची बस लागलेली होती. मी चढलो नाही. बाकावर बसून विचार केला, आता घरी जाऊन कुणाला काय दाखवणार आहेस? रिकाम्या भिंती? अर्ध्या तासाने परत गेलो. बाई दारातच होत्या. त्यांनी पाणी दिलं. मी मिलमधली डोळ्याची शिस्त त्यांना सांगितली. त्या लक्ष देऊन ऐकत राहिल्या. म्हणाल्या, "डोळ्यांनी जमत नसेल तर गुडघ्यांवर एकाआड एक थाप देऊनही करता येतं."

मला राग आला. माझा डोळा माझं ऐकत नाही म्हणजे काय? "डोळ्यानंच करा," मी म्हणालो. मग त्यांनी चित्र बाजूला ठेवायला सांगितलं आणि नुसता सराव घेतला. बोटं हळू, मग थोडी जलद. तो दिवस त्यातच गेला. बसमध्ये खिडकीबाहेरचे खांब मागे जाताना मी डोळे मुद्दाम हलवत होतो. शेजारचा माणूस घाबरून दुसऱ्या सीटवर जाऊन बसला.

पुढच्या खेपेपासून चित्रासकट जमायला लागलं. अर्धा मिनिट बोटं, मग बाई म्हणायच्या, थांबा, श्वास घ्या, आता काय आलं? जे येईल ते सांगायचं, बरं-वाईट ठरवायचं नाही. आणि येणारं काहीच्या बाही होतं. जळालेल्या टेरिकॉटचा वास. पत्र्यावर उलटा पडलेला त्याचा चहाचा पेला. सासऱ्यांचा आवाज. एकदा तर मिलमधल्या भिंतीवरची पाल आली, मला वाटलं बाई हसतील, त्या म्हणाल्या, तिच्यासोबत जा. पण दर वेळी सगळं फिरून त्या वळलेल्या चेहऱ्यापाशी यायचं आणि तिथेच अडायचं. आकडा दहाचा आठ झाला, आठाचा पुन्हा नऊ. घरी येऊन दोन-दोन दिवस मी वेड्यासारखा झोपायचो नाहीतर रडायचो. बाईंनी आधीच सांगून ठेवलं होतं, मधल्या दिवसांत असं होईल, घाबरू नका, फोन करा. कोपऱ्यावरच्या एसटीडीतून दोनदा फोन केलाही.

एक गोष्ट मी त्यांनाही सांगितली नव्हती. हाकेची. मी फक्त "सळई उडाली" एवढंच सांगत होतो. सहाव्या की सातव्या भेटीत बोटं थांबली, बाईंनी विचारलं, आता काय आलं, आणि तोंडातून ते बाहेर पडलं. "मी त्याचं नाव घेतलं. पत्रा वाजवायचा सोडून नाव घेतलं. म्हणून तो वळला. हे कुणालाच ठाऊक न्हाई."

मला वाटलं आता बाई म्हणतील, छे हो, तुमची काही चूक नाही. तसं म्हटलं असतं तर मी उठून गेलो असतो. त्यांनी विचारलं, "सळईचं तोंड फाटलेलं दिसल्यापासून ती उसळेपर्यंत किती वेळ होता?"

"वेळ कुठला? पापणी लवायला लागतो तेवढा."

"तेवढ्या वेळात तुमच्याजवळ काय होतं?"

मी बोलायला गेलो, सांडशी होती, पत्रा होता. आणि मला रडूच फुटलं. कारण तेवढ्या वेळात माझ्याजवळ फक्त त्याचं नाव होतं. घरचं पोर होतं ते माझं. परका असता तर मी बिनचूक पत्रा वाजवला असता.

बाई म्हणाल्या, "त्याच्यासोबत जा," आणि बोटं हलवली. या वेळी चित्र पहिल्यांदा पुढे सरकलं. चेहरा वळला, सळई आली, आणि त्यानंतर मला तो पडलेला दिसला, त्याच्या मांडीला माझा रुमाल घट्ट आवळणारे माझेच हात दिसले, टेम्पोत त्याचं डोकं माझ्या मांडीवर दिसलं. हे सगळं मी विसरलो नव्हतो, पण त्या चेहऱ्याच्या पुढे जाऊन कधी बघितलंच नव्हतं. आकडा पाच झाला. पुढच्या दोन भेटींत दोन. शून्य काही झाला नाही, आणि बाईंनीही ओढूनताणून करायला लावला नाही. चूक चूकच राहिली, पण ती आता त्या दुपारची होती, रोजची नव्हती.

चैत्रात मी लोहाराच्या भात्यासमोर जाऊन अर्धा तास उभा राहिलो. घण पडला तेव्हा दचकलो, पण कुणाला फेकलं नाही. मग पिंपळगावची बस धरली. भोकरदनला बस थांबली तेव्हा मी चहाला उतरलो नाही, उतरलो असतो तर परत फिरलो असतो.

रेणुकाईच्या देवळापुढे मेव्हण्याने नारळ-हळदकुंकवाचं दुकान टाकलं होतं. कुबडी पाटाला टेकवून तो नारळ सोलत होता. मला बघून हात क्षणभर थांबला. "या दाजी," म्हणाला, जसा काही मी कालच येऊन गेल्तो.

मी बसलो नाही. बसलो असतो तर पाऊसपाण्याचं बोलून उठलो असतो. "त्या दिवशी म्या पत्रा वाजवला न्हाई," मी म्हणालो. "तुझं नाव घेतलं. त्याच्यानं तू वळला."

तो नारळाची शेंडी सोलत राहिला. "ऐकू आल्तं," म्हणाला.

"मंग कुणाला बोलला का न्हाई?"

"बोललो असतो तर ताई तुमच्या घरी नांदली असती का?"

 दोन वर्षं मी माझं गुपित लपवतोय असं समजत होतो, आणि ते हा एका पायाचा माणूस सांभाळत बसला होता.

त्याने नारळ खाली ठेवला. त्याचा आवाज चढला. "पायाचा राग यायचा तेवढा येऊन गेला. हाक तर म्या बी मारली असती. पन तुमी एकदाबी आला न्हाई! दवाखान्यात न्हाई, घरी न्हाई. दारात गाडी वाजली की मी बघायचो, दाजी आले का. त्याचा राग हाय. लई हाय. आज बी हाय."

"असू दे," मी म्हणालो. "तुझा हक्क हाय त्यो."

 मी आता मिलमध्ये नव्हतो. देवळापुढे उन्हात उभा होतो आणि समोर माझा मेव्हणा होता, दोन वर्षांनी थोराड झालेला, दाढी राखलेला, मला बोल लावणारा. त्याचा हा आजचा चेहरा मी पहिल्यांदाच बघत होतो.

मागे काहीतरी हललं. दुकानाच्या मागच्या दारात बायको उभी होती, हातात हळदीची पुडी. तिने सगळं ऐकलं होतं. माझ्याकडे बघितलं, भावाकडे बघितलं, आणि मागच्या घरात निघून गेली. मेव्हण्याने नारळ पुन्हा हातात घेतला. मला वाटलं, संपलं. पोरगी गेली हातची. खरं बोलायची हौस आली होती ना, भोग आता.

बऱ्याच वेळाने ती बाहेर आली. एका हातात पोरीचं दप्तर आणि कपड्यांची पिशवी, दुसऱ्या हातात पोरगी.

"हिला घेऊन जा," ती म्हणाली. "शाळा बुडून राह्यली तिची."

"आन् तू?"

"मला तुमच्या तोंडाकडं बघवत न्हाई आत्ता. बघवंल तवा येईन. न्हाई बघवलं तर न्हाई." तिने पिशवी माझ्या पायाशी ठेवली. "तुमी काहीतरी दाबून बसलेत, हे मला पहिल्या दिवसापासून दिसून राह्यलं व्हतं. त्याच माणसाची भीती वाटायची मला. आज त्यो माणूस न्हाई दिसला. पोरगी न्या."

 मी पिशवी उचलली.

बसमध्ये पोरगी खिडकीशी बसली.  भोकरदन मागे पडल्यावर बाहेर बघतच तिने विचारलं, "अप्पा, मामाचा पाय तुमच्यामुळं गेला?"

पोरीनेही ऐकलं होतं तर. "हो," मी म्हणालो.

"आन् माझा हात?"

"तो पण माझ्यामुळंच मोडला."

ती माझ्याकडे वळली. प्लास्टर कधीच निघालं होतं, पण तो हात ती अजून पोटाशी धरून बसायची. "मंग मामाला जसं जाऊन सांगितलं," ती म्हणाली, "तसं मला बी सांगा की."

बस राजूरला थांबली होती, देवदर्शनाची माणसं गलका करत चढत होती. मी सीटवर तिच्याकडे तोंड करून नीट बसलो आणि तिला पहिल्यापासून सगळं सांगायला लागलो.